वादळ गेल्यावर जुने कपडे नकोत, डिझेल पाहिजे

जून लागला की आमच्या फ्लोरिडात हरिकेनचा सीझन सुरू होतो तो थेट नोव्हेंबर संपेपर्यंत, आणि एखादं मोठं वादळ किनाऱ्याला धडकलं रे धडकलं की लगेच ग्रुपवर "कपडे, ब्लँकेट, औषधं, घरात जे पडून असेल ते आणून द्या" हा मेसेज फिरायला लागतो. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण आता स्पष्ट बोलते, कोणाला राग आला तर येऊ दे. घरात पडून असलेलं सामान बहुतेक वेळा तिथेही पडूनच राहतं, वर ते निवडायला माणसं अडकतात ती वेगळीच.

एका मदत केंद्रावर मला औषधांची खोकी निवडायला बसवलं होतं. अर्धी संपलेली खोकल्याची बाटली, झाकणाला सिरप वाळून घट्ट चिकटलेलं. अँटिबायोटिकची स्ट्रिप, त्यात दोनच गोळ्या शिल्लक. डोळ्यांचे ड्रॉप्स, सील कधीचं उघडलेलं. एका पिशवीत नुसत्या सुट्ट्या गोळ्या, पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या, लेबलचा पत्ता नाही. हे सगळं टाकून द्यायचं, आणि तेही असंच कचऱ्यात टाकून चालत नाही, त्याची विल्हेवाट वेगळी लावावी लागते. आणि त्याच वेळी टेबलापलीकडे एक आजोबा उभे, त्यांना रक्त पातळ करायची गोळी हवी होती, नाव आठवत नाही, बाटली घरात आणि घर पाण्यात. आता त्या ढिगातून त्यांना मी काय देणार होते? जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम काय उगाच नाहीत केलेले. मागणी असेल तेच पाठवा, तिथे पोचल्यावर निदान एक वर्षाची एक्सपायरी शिल्लक हवी, लेबल तिथल्या लोकांना वाचता येईल अशा भाषेत हवं, आणि पेशंटला देऊन परत आलेली औषधं तर पाठवूच नका. साधे नियम आहेत पण वाचतो कोण.

कपड्यांचं तर विचारूच नका. 1998 साली मिच वादळाने मध्य अमेरिकेतल्या होंडुरास या गरम देशाची वाट लावली तेव्हा लोकांनी तिकडे हिवाळी कोट पाठवले होते. होंडुरासला! न मागितलेल्या कपड्यांच्या गाठी विमानतळावर इतक्या साचल्या की खरी मदत घेऊन आलेल्या विमानाला उतरायला जागा मिळेना.

पण माझा मूळ मुद्दा वेगळाच आहे. वादळात माणसं कशाने जातात हेच आपल्याला नीट माहीत नसतं, म्हणून आपण भलतंच पाठवतो. टीव्हीवर उडालेली छपरं दिसतात, मग वाटतं जखमा, फ्रॅक्चर, बँडेज. मारिया वादळ 20 सप्टेंबर 2017 ला पोर्टो रिकोवर, म्हणजे कॅरिबियनमधल्या अमेरिकेच्या बेटावर, आलं, सरकारी आकडा कितीतरी महिने 64 मृत्यू एवढाच होता. मग तिथल्या सरकारनेच जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाला अभ्यास करायला सांगितलं आणि ऑगस्ट 2018 मध्ये अंदाज आला 2,975, म्हणजे सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात नेहमीपेक्षा इतके जास्त लोक गेले. त्यात म्हातारी माणसं आणि गरीब वस्त्यांमधली माणसं जास्त. म्हणजे वादळ येऊन गेल्यावर, ऊन पडल्यावर, बातम्या संपल्यावर. इन्सुलिन गार राहिलं नाही, ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं, डायलिसिस चुकलं, दवाखाना उघडला नाही, रस्ता नव्हता, फोन लागला नाही. शेवटच्या घरापर्यंत वीज यायला जवळजवळ 11 महिने लागले, इन्सुलिनवर असलेल्या माणसाने 11 महिने काय करायचं सांगा.

व्हिएकेस नावाचं छोटं बेट आहे पोर्टो रिकोच्या पूर्वेला. तिथलं एकुलतं एक हॉस्पिटल मारियात निकामी झालं, त्यातच डायलिसिसची सोय होती. मग तिथल्या किडनीच्या पेशंटना आठवड्यातून तीनदा विमानाने मुख्य बेटावर न्यायचे, चार-चार तास मशीनवर, आणि परत. हे एक-दोन महिने नाही, वर्षानुवर्षं चाललं. यांना कोणी ब्लँकेट दिलं असतं तर त्यांनी त्याचं काय केलं असतं?

आणि हे फक्त दूरच्या बेटांवरच होतं असं समजू नका. मारियाच्याच महिन्यात इर्मा वादळ आलं तेव्हा इथे फ्लोरिडात हॉलीवूड शहरात एका नर्सिंग होमचं, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या घराचं, एसी बंद पडलं. ट्रान्सफॉर्मर गेला, बाकी इमारतीत वीज होती बरं का. उकाड्याने 12 वृद्ध गेले, आणि हॉस्पिटल अक्षरशः जवळच होतं. पुढे राज्याने कायदा केला की नर्सिंग होमला जनरेटर आणि त्याचं इंधन ठेवावंच लागेल. म्हणून म्हणते, डिझेल हेच औषध आहे.

अर्थात जनरेटरचं दुसरं टोकही आहे. 2020 मध्ये लॉरा वादळानंतर लुइझियानात घरात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर लावून कार्बन मोनॉक्साइडने किती तरी लोक झोपेतच गेले. कोणाला जनरेटर देणार असाल तर सोबत कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्मही द्या, आणि जनरेटर घरापासून वीस फूट तरी लांब बाहेर ठेवा म्हणून स्वतः दाखवून या.

बरं, सामान नसतं अशातली पण गोष्ट नाही. मारियानंतर पोर्टो रिकोच्या राजधानीत, सॅन हुआनच्या बंदरात हजारो कंटेनर भरून उभे होते, पण ट्रक चालवायला ड्रायव्हर मिळेनात, डिझेल नाही, रस्ते अडलेले. पाण्याच्या बाटल्यांचे ढीगच्या ढीग तिथल्याच सेइबा गावच्या धावपट्टीवर तसेच पडून राहिले, वर्षभराने त्यांचे फोटो बाहेर आले. नौदलाचं कम्फर्ट हे हॉस्पिटल जहाज आलं, 250 खाटा तयार, आणि बऱ्याच रिकाम्या, कारण पेशंट पाठवायची पद्धतच इतकी किचकट की डॉक्टरांनाही कळेना कोणाला फोन करायचा. त्याउलट शेफ होसे आंद्रेसच्या वर्ल्ड सेंट्रल किचन या मदत संस्थेने तिथलेच आचारी, तिथलीच स्वयंपाकघरं हाताशी धरली आणि 30 लाखांहून जास्त जेवणं वाटली. बाहेरून जेवण आणायच्या फंदातच पडले नाहीत. एका कंपनीला सरकारने 3 कोटी जेवणांचं कंत्राट दिलं होतं, त्यातली पोचली 50 हजार. असो.

अजून एक. वादळाचा फटका तिथेच थांबत नाही. मारियात सलाइनच्या छोट्या पिशव्या बनवणारे बॅक्स्टर कंपनीचे कारखाने बंद पडले आणि अख्ख्या अमेरिकेत टंचाई. सप्टेंबर 2024 मध्ये हेलीन वादळाने त्याच कंपनीचा नॉर्थ कॅरोलायनातला प्लांट बुडवला, देशातल्या सलाइन वगैरेचा साधारण 60 टक्के पुरवठा तिथून व्हायचा! पुन्हा हॉस्पिटलं ऑपरेशनं पुढे ढकलायला लागली. सात वर्षांत शिकलो काय? त्याच हेलीनमध्ये डोंगरातल्या वाड्या-वस्त्यांवर इन्सुलिन खेचरांच्या पाठीवरून गेलं. कोणाला काय हवंय ते आधी विचारून घेतलेलं, तेवढंच पाठीवर लादलेलं. मला तर ती मदत सगळ्यात शहाणी वाटते.

तर द्यायचंच असेल तर पैसे द्या, आणि ते तिथल्याच छोट्या क्लिनिकला किंवा फूड बँकेला. पैशाला गोदाम लागत नाही. आणि फ्लोरिडात राहणाऱ्यांनो, गव्हर्नरने इमर्जन्सी जाहीर केली की 30 दिवसांचं औषध रिफिलची तारीख आली नसली तरी मिळतं, कायद्यात आहे, फार्मसीत नाही म्हणाले तर मॅनेजरला बोलवा. घरी आई-बाबा ऑक्सिजनवर किंवा डायलिसिसवर असतील तर काउंटीच्या स्पेशल नीड्स शेल्टरसाठी, म्हणजे वादळात अशा आजारी माणसांना ठेवायच्या निवाऱ्यासाठी, त्यांचं नाव आत्ताच नोंदवा, दरवर्षी ते अपडेट करावं लागतं, सोबत कोण येणार तेही ठरवा. औषधांची नावं आणि डोस कागदावर लिहून झिपलॉकमध्ये घाला, फोनमधला फोटो फोन चार्ज असेपर्यंतच. शेजारी कोणी एकटं म्हातारं माणूस राहत असेल तर त्यांचाही फॉर्म भरून द्या, ऑनलाइन त्यांना जमत नाही, मी गेल्या वर्षी आमच्या गल्लीत दोघींचा भरला, एकीला तर अशी काही सोय असते हेच माहीत नव्हतं.