मॅचिंग व्हा, सुखी व्हा

चारचौघांत उठून दिसायचंय? मग आधी चौघांसारखं दिसायला शिका. परवा भाच्याच्या हळदीत मला हे ज्ञान झालं. तुम्हाला फुकट देतोय. माझे मात्र जाकिटाचे अठराशे गेलेत आणि बटण पोटावर लागत नाही.

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ड्रेस कोड आला की मुकाट्यानं अंगठा टाका. "पांढरा शर्ट चालंल का?" एवढंच मी विचारलं. सोळा जणांनी वाचलं, उत्तर कुणी दिलं नाही. मग बहिणीचा फोन. "दादा, तुझं नेहमीचंच असतंय."

तिखट झेपत नसलं तरी तांबडा रस्सा ओरपा. पांढऱ्यावरच भागवलं की "कोल्हापूरचाच हाईस न्हवं?" अशी चौकशी लागते.

फुटबॉल कळत नसला तरी एका तालमीचा संघ आपला म्हणून धरून ठेवा.

बुलेटवर 'आपला नादच वेगळा' लावा. रेडियमवाल्याकडं तयार मिळतं. आमच्या गल्लीत असे पाच वेगळे नाद आहेत, पाचही एकाच अक्षरातले.

२६ जूनला, शाहू जयंतीला, दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्यासोबत सेल्फी काढा. अस्पृश्य मानून गंगाराम कांबळेंच्या हातचा चहा प्यायला लोक तयार नव्हते, तेव्हा महाराज त्यांच्या हॉटेलासमोर गाडी थांबवून सगळ्यांदेखत चहा घ्यायचे. तेव्हा गावाचा ड्रेस कोड काय होता, हे मात्र विचारत बसू नका. सेल्फी बिघडते.

आता फोटो. पिवळा कुर्ता, निळं जाकीट, चाळीसेक बाप्ये, वर ड्रोन. मी जाकीट उघडं टाकून उभा. फोटोग्राफर म्हणतो, "काका, जरा कडंला सरा, फ्रेम बिघडालीया." सरलो. नवरदेवाचा सख्खा मामा, सरलो कडंला! ज्या गावात बाबूराव पेंटरांनी खटपट करून स्वतः कॅमेरा तयार केला आणि १९२० साली त्यावर सिनेमा काढला, त्या गावातला हा फोटोग्राफर मोबाईलवर कुणाच्या तरी लग्नाची रील दाखवतो आणि म्हणतो, असंच पायजे. असंच म्हणजे? तो नवरा आमचा न्हवं, ती माणसं आमची न्हवंत. मग त्यांच्यासारखे गॉगल लावून, एक हात वर करून आम्ही का चालायचं? तीनदा चालवलं. चौथ्यांदा ड्रोनची बॅटरी संपली म्हणून सुटलो.

तेवढ्यात थोरले मामा आले. वय ८३. पटक्याचं एक टोक दातात धरून, आरशात न बघता स्वतः बांधतात, मी लहानपणापासून बघतोय. एका पोरानं येऊन "आजोबा, मॅचिंग नाय" म्हणत तो सरळ डोक्यावरून उचलला आणि शिवलेला रेडिमेड फेटा बसवला. टोपीसारखा. तो कानापर्यंत खाली आला. मामा काही बोलले नाहीत. सुटलेला पटका मांडीवर घेऊन हातानं त्याच्या घड्या घालत बसले.

आणि मी काय करत होतो? बटण लावत होतो.

लाज वाटू द्या जरा. मलाही सांगतोय, तुम्हालाही. ८३ वर्षांच्या माणसाच्या डोक्याला हात घालता, कशासाठी? दोन दिवसांनी कुणी न बघणाऱ्या फोटोसाठी? पोरांना सांगता, स्वतःची ओळख तयार कर, आणि पोरगं जरा वेगळं वागलं की चार पाहुण्यांसमोर त्याची टर उडवता. बुलेटवरचं ते रेडियम तरी खरवडून काढा मग.

रविवारी पूजा आहे. ग्रुपवर आलंय, पुरुषांनी मरून रंग. मामांना मी फोन केलाय, पटका बांधूनच या. मी पांढऱ्या शर्टात त्यांच्या शेजारी उभा राहणार आहे, आणि या खेपेला कडंला सरणार नाही.