‘एफ’ खूण जागेवर दिसते, म्हणून टायमिंग जागेवर आहे असं नाही

दादा, नमस्कार.

एअर-कूल्ड (हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाच्या) क्वाडला, म्हणजे चार चाकांच्या रानातल्या बाइकला, ठिणगी चार अंश आधी पाडणारी ऑफसेट चावी डोळे झाकून घालू नका, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही तासगावहून सविस्तर लिहिलंत. तुमच्या २५० सीसीच्या फोर-स्ट्रोक क्वाडला तुम्ही तीच चावी घातली आणि गाडी खालून जोरात उठायला लागली. मिरजेच्या मिस्त्रींनी टायमिंग गन (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) मारून ‘एफ’ खूण, म्हणजे ठिणगीच्या जागेची खूण, बरोबर रेषेवर असल्याचं दाखवलं, तेव्हा धोका कसला, असा तुमचा सवाल आहे. मी पुस्तकी ज्ञानावर पोरांना घाबरवतो आणि पाचगणीत भाड्यानं क्वाड देणाऱ्यांच्या पोटावर पाय देतो, असंही तुमचं म्हणणं आहे.

आधी खुणेचं बोलू, कारण मला खरी काळजी तिचीच वाटते.

ऑफसेट चावी क्रँक आणि त्याच्या टोकावरचं चुंबकी चाक, म्हणजे मॅग्नेट, यांच्यामध्ये बसते. तिच्यामुळं आख्खा मॅग्नेट क्रँकवर फिरण्याच्या दिशेनं चार अंश पुढं सरकतो. ‘एफ’ आणि ‘टी’ (पिस्टनच्या वरच्या बिंदूची) या खुणा कोरलेल्या असतात मॅग्नेटवर. पल्सर कॉइलला ठिणगीचा इशारा देणारा उंचवटाही मॅग्नेटवरच असतो. म्हणजे उंचवटा आणि खूण दोन्ही मिळूनच पुढं गेले, त्यांच्यातलं अंतर तसूभरही बदललं नाही. मग गन मारली की ‘एफ’ पहिल्यासारखीच रेषेवर दिसणार! चार अंशांची चावी असो की आठ, दिसणार तेच. तुमच्या मिस्त्रींनी पाहिलं ते खरं आहे, पण त्यावरून पिस्टन कुठं असताना ठिणगी पडते हे कळत नाही. पल्सरच्या प्लेटची भोकं लांबट करून कॉइल सरकवली असती, तर मात्र गननं फरक दाखवला असता, कारण तिथं मॅग्नेट जागचा हलत नाही.

खात्री करायची तर पिस्टनचा खरा वरचा बिंदू शोधावा लागेल. प्लग काढा. कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर, दोन्ही टॅपेट सैल लागत असताना (म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना), प्लगच्या भोकात मऊ टोकाचा स्टॉपर बसवा. क्रँक पान्यानं अलगद एका बाजूला फिरवून पिस्टन टेकला की मॅग्नेटवर खूण करा, मग उलट फिरवून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे खरा वरचा बिंदू. हे काम हातानंच करायचं, सेल्फला बोट लावायचं नाही. तुमचा मॅग्नेट १०० मिलिमीटर व्यासाचा धरला तर जुनी ‘टी’ खूण या नव्या खुणेपासून साधारण साडेतीन मिलिमीटर पुढं गेलेली दिसेल. पुढचं सगळं मोजमाप नव्या खुणेवरून करा.

गाडी उठायला लागली हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, त्यात खोट नाही. कंपन्या खालच्या आरपीएमला टायमिंग मुद्दाम मागं ठेवतात, म्हणजे गाडी सुखानं चालू होते आणि उलटा झटका मारत नाही. तिथं चार अंश दिले की ओढ वाढते. पण चावी फक्त खालचं टायमिंग बदलत नाही, सीडीआयचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या डब्याचा) सगळा आलेखच उचलून पुढं नेते. ६००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ३६ अंश फिरतो. तिथं सीडीआयनं आधीच भरपूर अॅडव्हान्स दिलेला असतो, म्हणजे ठिणगी बरीच आधी पाडलेली असते, आणि इंजिन आपल्या सर्वोत्तम टायमिंगच्या आसपास असतं. त्या भागात अंश-दोन अंशांनी ताकद जवळपास तेवढीच राहते. मात्र त्याच्या पुढं गेलात की पिस्टन वर येत असतानाच दाब चढतो. मग ताकद घटते, आणि हेड आणि पिस्टन तापतात. खाली कमावलेलं वर फुकट जातं, आणि हेल्मेट नि सायलेन्सरच्या आवाजात नॉकिंग (इंजिनातली ठकठक) कानावरही येत नाही.

तुम्ही क्वाडनं द्राक्षबागेत फवारणीची टाकी ओढता, असंही लिहिलंय. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीवर फवारणी चालू असते, सरीतून गाडी धिम्या चालीनं जाते, वर भार आणि समोरून वारा नाही. एअर-कूल्ड इंजिनाचे यापेक्षा वाईट हाल होत नाहीत. पाचगणी जवळपास तेराशे मीटरवर आहे, सांगलीचा भाग साडेपाचशेच्या आसपास. वर हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो. सिलिंडरमध्ये दाब कमी भरतो, मिश्रण सावकाश जळतं, त्यामुळं इंजिन थोडा जास्त अॅडव्हान्स पचवतं. म्हणून पाचगणीत कुणाची चार अंशांची गाडी बिनतक्रार चालत असेल, तर तो दाखला पसरणी घाट उतरून तासगावच्या उन्हात लागू होत नाही.

पेट्रोलचंही बघा. ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचं ऑक्टेन ९५ धरतात, आधीच्या साध्या पेट्रोलचं ९१ होतं. नॉकिंगच्या बाबतीत हे तुमच्या बाजूनं आहे, आणि ते इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचंही असेल. पण इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळं कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण हळू जळतं आणि गाडी मंद वाटते. अशा गाडीला अॅडव्हान्स दिला की ती एकदम जिवंत झाल्यासारखी वाटते. तुमच्याकडं मेन जेट मूळचाच असेल तर आधी तो एक नंबर मोठा घालून पाहा. कदाचित चावीनं जे मिळालं त्यातलं बरंच जेटनंच मिळेल, आणि इंजिन थंडही राहील.

भाड्याच्या क्वाडला ही चावी नको, हा शब्द मी मागं घेणार नाही. त्या गाड्यांवर लहान पोरं बसतात, पहिल्यांदाच थ्रॉटल हातात घेणारी माणसं बसतात. त्यांना जास्त ओढ नकोच आहे. शिवाय त्या गाड्या दिवसभर बंद-चालू होतात. टायमिंग पुढं असलेलं इंजिन चालू होताना उलटा झटका देतं आणि तो स्टार्टरच्या वन-वे क्लचवर बसतो. ऐन सीझनमध्ये गाडी उभी राहिली तर नुकसान त्याच गरिबाचं.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, म्हणून विचारतो: तुमची चावी विकत आणलेली आहे की मूळ चावी कानशीनं घासून बनवली? घासलेली असेल तर ती आजच काढा. मॅग्नेटला खरी पकड टॅपरची (क्रँकच्या निमुळत्या टोकाची) असते, चावी फक्त जागा दाखवते. पण टॅपर नीट बसला नसेल आणि उलटा झटका बसला, तर तसली अशक्त चावी कापली जाते आणि मॅग्नेट कुठंही सरकतो. बसवताना टॅपर कोरडा, स्वच्छ पुसलेला हवा आणि नट टॉर्क पान्यानंच आवळलेला हवा.

आता हे करून बघा. फवारणीची टाकी भरून, भर दुपारी बागेत नेहमीसारखं काम करा, भारावर असतानाच इंजिन बंद करा आणि प्लग काढून उजेडात धरा. पांढऱ्या चिनी मातीवर चमकणारे बारीक चांदीसारखे कण दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे. तसं असेल तर चावी त्याच दिवशी बदला. प्लगच्या अर्थच्या (टोकावर वाकलेल्या) पट्टीवर रंग कुठं पालटतो तेही बघा: वळणापाशी असेल तर बरं, चुडीच्या (आट्यांच्या) बाजूला सरकला असेल तर अॅडव्हान्स जास्त झालाय. प्लगचा फोटो, मेन जेटचा नंबर आणि नव्या खुणेवरून आयडलला व ४००० आरपीएमला आलेले अंश मला कळवा. दोन अंशांची चावी पुरेल की पल्सर सरकवणं बरं, ते आकडे बघून सांगतो.