कर्ज थकलं होतं? मग क्लिअरन्स विसरा, म्हणे!

अमेरिकेत संरक्षण खात्याच्या एखाद्या कंत्राटदार कंपनीत नोकरी मिळू घातली की एक ठरावीक सल्ला कुठूनतरी येऊन थडकतोच, व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर पॉटलकला: 'कधीकाळी कर्ज थकवलं असेल तर सिक्युरिटी क्लिअरन्स (सरकारी गुपितं हाताळायची परवानगी) विसरा. दिवाळखोरी काढली असेल तर संपलंच. फार तर सात वर्षं थांबा, क्रेडिट रिपोर्ट साफ होऊ द्या, आणि फॉर्मवर जुनं काही लिहू नका.' यातलं पहिलं वाक्य लोकांना उगाच घाबरवतं. शेवटचं त्यांना खरोखर गोत्यात आणतं. (एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असणाऱ्यांनी इतक्यात काळजी करू नये. क्लिअरन्सला आधी नागरिकत्व लागतं.)

'कर्ज थकलं की क्लिअरन्स नाही.' असा नियम कुठेही नाही. क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत १३ मुद्दे आहेत, त्यातला 'एफ' हा पैशांचा. अमुक डॉलर थकले की अपात्र, असा आकडा त्यात सापडणार नाही. कर्ज का झालं आणि झाल्यावर तुम्ही काय केलंत, एवढंच तो विचारतो. नोकरी जाणं, अचानक आलेलं आजारपण, घटस्फोट, घरातला मृत्यू, कुणी तुमची ओळख चोरून काढलेलं कर्ज, ही कारणं निकषांतच लिहिलेली आहेत. पण पुढे एक अट आहे: अशा वेळी तुम्ही जबाबदारीनं वागलात का? हॉस्पिटलला फोन करून हप्ते बांधून घेणारा आणि वसुलीची पाकिटं न फोडता ड्रॉवरमध्ये कोंबणारा, दोघांची थकबाकी सारखी असली तरी निकाल सारखा लागत नाही. सगळं कर्ज फिटलेलं असायलाच हवं असंही नाही. झेपेल अशी योजना हवी आणि ती पाळल्याचे पुरावे हवेत. मात्र क्लिअरन्सवरच्या आक्षेपांची नोटीस हातात पडल्यावर घाईघाईनं भरलेल्या पैशांना फारशी किंमत मिळत नाही.

सरकारला तुमच्या हप्त्यांशी काय देणंघेणं, याचं उत्तर अल्ड्रिच एम्स. सीआयएचा हा अधिकारी घटस्फोट आणि कर्जानं पिचला होता. १९८५ मध्ये त्यानं सोव्हिएतांना गुपितं विकली आणि सुरुवातीलाच ५०,००० डॉलर घेतले. पुढे त्यानं ५,४०,००० डॉलरचं घर रोखीनं घेतलं, जॅग्वार फिरवली, तरी त्याला अटक झाली १९९४ मध्ये. म्हणजे त्याचं कर्ज जितकं बोलत होतं, त्याहून त्याची श्रीमंती जास्त ओरडत होती. 'एफ' मुद्द्यात हिशेब न लागणारा पैसाही येतो, हे मात्र या सल्लागारांना कधी आठवत नाही.

'दिवाळखोरी म्हणजे शेवट.' दिवाळखोरी हा कायदेशीर मार्ग आहे आणि तेवढ्यावरून कुणी बाद होत नाही. तिच्या चॅप्टर १३ या प्रकारामध्ये तीन ते पाच वर्षं हप्ते भरावे लागतात, त्यामुळे नियमितपणा दाखवायला जागा मिळते. चॅप्टर ७ या प्रकारामध्ये बरीचशी कर्जं माफ होतात, पण 'मी प्रामाणिकपणे फेडायचा प्रयत्न केला' हे नुसत्या माफीनं सिद्ध होत नाही. त्यानंतरचे तुमचे व्यवहार कसे आहेत, यावर बरंच अवलंबून राहतं.

'सात वर्षांनी सगळं धुऊन निघतं.' थकबाकीची नोंद साधारण सात वर्षांनी क्रेडिट रिपोर्टवरून जाते, चॅप्टर ७ ची दहा वर्षांनी. नोंद गेली म्हणजे देणं फिटलं असं नव्हे. वसुलीची कायदेशीर मुदत उलटली म्हणूनही ते फिटत नाही. सावकाराचा दावा कोर्टात सहसा टिकत नाही, एवढंच. निर्णय देणारे विचारतात, तुम्ही स्वतःहून काय केलंत?

'लिहू नका.' हा सल्ला देणाऱ्याला दुरूनच हात जोडावेत. एसएफ-८६ या क्लिअरन्सच्या फॉर्मच्या २६व्या भागात गेल्या सात वर्षांतली दिवाळखोरी, कर आणि १२० दिवसांहून जास्त थकलेली देणी सरळ विचारलेली असतात. जुगारामुळे आलेल्या पैशांच्या अडचणींचा प्रश्न तर 'कधीही' असा आहे. तपास करणारे क्रेडिट रिपोर्ट स्वतः मागवतात, आणि क्लिअरन्स मिळाल्यावरही नजर चालूच राहते. थकबाकी 'एफ' खाली येते, तिला समजूतदार उत्तर देता येतं. ती मुद्दाम दडवली की प्रकरण 'ई'मध्ये, म्हणजे वर्तन आणि खरेपणाच्या मुद्द्यात जातं. तिथे क्रेडिट कार्डाची १,२०० डॉलरची थकबाकीही महागात पडते. शिवाय सरकारी फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे.

या सल्ल्यात कराचा उल्लेखच नसतो, याचं मला जास्त नवल वाटतं. वर्षानुवर्षं रिटर्न न भरणं हे क्रेडिट कार्डाच्या थकबाकीपेक्षा वाईट दिसतं. नंतर भरलं तरी 'नियम पाळायला इतकी वर्षं का लागली?' हा प्रश्न उरतोच. आपल्याकडच्यांनी तर पुण्या-नाशिकच्या बँकेतल्या एफडीचं व्याज अमेरिकन रिटर्नमध्ये दाखवलंय का, हेही पाहावं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही. १९८८ च्या ईगन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट म्हटलंय, आणि शंका उरली तर ती तुमच्या विरोधात जाते. पण 'एकदा नाकारलं की जन्मभर नाही' हेही खरं नाही. कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांना लेखी कारणं मिळतात, उत्तर देता येतं, न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. तिथेही हरलात, तरी एका वर्षानंतर फेरविचाराची विनंती करता येते.