ट्रेलर येईपर्यंत थांबा

आपली कथा एखाद्या बड्या स्टुडिओनं चोरावी अशी मनापासून इच्छा असेल, तर पहिलं पथ्य हे पाळा की ती लिहायची नाही. लिहायला बसलं की पात्रं येतात, संवाद येतात, मध्यंतरापर्यंत दमछाक होते. वर उद्या ती सिनेमाशेजारी ठेवून ताडून बघायची वेळ आली, तर दोन्हींत शंभर फरक निघतात. न लिहिलेल्या कथेत फरक काढायची कोणाची टाप आहे? ती कुठल्याही सिनेमाच्या मापात बसते.

आमच्या इंदूरच्या रामबागेत एक काका आहेत. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या पाच कथा चोरीला गेल्या. पाचही मिळून लिहिलेल्या ओळी अकरा. त्यांतली ताजी अशी : 'जुना वाडा. दोन भाऊ. बिल्डर. आजी सही करत नाही. शेवटी सगळे रडतात.' ही त्यांनी कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिली, पाकिटात घातली, वर स्वतःचाच पत्ता टाकला आणि पोस्टात जाऊन स्वतःलाच रजिस्टर केली. हा तोडगा जुना आहे. पाकीट बंदच ठेवायचं, वरचा तारखेचा शिक्का जपायचा आणि थेट न्यायाधीशांसमोर फोडायचं.

पाकीट आलं तेव्हा काका फिरायला गेले होते. काकूंनी सही करून घेतलं, विळीवर फोडलं, "आता आली होय पत्रिका, साखरपुडा होऊन महिना झाला" म्हणाल्या आणि मागे दुधाचा हिशेब मांडला. बिल्डरच्या शेजारी 'मंगळवार, दीड लिटर'. पुढे २०२५ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केलं, त्यामुळे आता पुरावा निदान लवकर फुटेल.

कॉपीराइट कार्यालयात पाचशे रुपये भरून रीतसर नोंदणी होते. मुंबईत पटकथालेखकांची संघटनाही सभासदांच्या संहिता नोंदवून घेते. पण दोन्हीकडे आधी कथा मागतात. ही अट जाचक आहे, तिकडे फिरकू नका.

कायद्याची पुस्तकंही उघडू नका. दिल्लीचे आर. जी. आनंद पेशानं आर्किटेक्ट, पण भोळे. त्यांनी १९५३ मध्ये 'हम हिंदुस्तानी' हे अख्खं नाटक लिहिलं. एक पंजाबी कुटुंब, एक मद्रासी कुटुंब आणि मध्ये प्रांतवाद. पुढच्या वर्षी ते रंगमंचावर आलं. सिनेदिग्दर्शक मोहन सहगल दिल्लीला आले, तेव्हा आनंदांनी त्यांना ते पहिल्या पानापासून वाचून दाखवलं. १९५६ मध्ये सहगलांचा 'न्यू दिल्ली' लागला. त्यातही पंजाबी, मद्रासी आणि प्रांतवाद. याहून पक्की केस शोधून सापडायची नाही. आनंद खालच्या कोर्टात हरले, हायकोर्टात हरले आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टातही हरले. न्यायालय म्हणालं, कल्पनेवर, विषयावर, कथानकावर कॉपीराइट नसतो, तो मांडणीवर असतो. सिनेमात हुंड्याचाही विषय होता, नाटकात नव्हता. सिनेमा लागल्यापासून निकालापर्यंत बावीस वर्षं गेली. हातात नाटक होतं, वाचून दाखवल्याची साक्ष होती, तो माणूस हरला. आपल्या हातात पत्रिका आहे, आणि तिच्यावर दूध.

अमेरिकेत विनोदी लेखक आर्ट बुकवाल्ड 'कमिंग टु अमेरिका'च्या कथेवरून पॅरामाउंट स्टुडिओविरुद्ध जिंकले, हे कुणीतरी तुमच्या तोंडावर फेकेलच. ते जिंकले, पण कॉपीराइटवर नव्हे, करारावर. कथेचं टिपण त्यांनी आधी पॅरामाउंटला रीतसर विकलं होतं. कोट्यवधी डॉलर्स गल्ला जमवलेल्या त्या सिनेमाला निव्वळ नफाच झाला नाही, असा हिशेब कंपनीनं कोर्टात मांडला. कोर्टानं बुकवाल्ड यांच्या वाट्याला दीड लाख डॉलर्स ठरवले. आपल्या काकूंचा हिशेब त्यामानानं सरळ होता.

आता वेळेचं. संशय आला म्हणून लगेच नोटीस पाठवणं म्हणजे शुद्ध घाई. आधी टीझर येऊ द्या, मग ट्रेलर, मग गाणी. प्रदर्शनाला दोन दिवस उरले की धावत कोर्टात जा. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अशाच एका आयत्या वेळच्या अर्जदाराला खर्च भरायला लावला होता, पण त्यानं खचू नका. रविवारी छप्पन दुकानाच्या खाऊगल्लीत सांगायला तेवढंच एक.

सलीम खान इंदूरचेच. 'जंजीर'च्या पोस्टरांवर लेखकांची नावं नव्हती, तर या सलीम-जावेद जोडीनं रंगारी पाठवून मुंबईभर आपली नावं रंगवून घेतली, हा किस्सा काकांना तोंडपाठ आहे. त्या दोघांनी आधी सिनेमाही लिहिला होता, हा भाग ते सांगताना गाळतात.

स्टुडिओवाले संत आहेत असं कुणी समजू नये. संहिता हातात घ्यायच्या आधीच ते एका कागदावर सही घेतात : अशीच कल्पना आमच्याकडे आधीपासून असू शकते, तुमची तक्रार नसेल. खरोखर नागवला गेलेला लेखक ओळखायचा तर बोलक्यांत शोधू नका. एकशेवीस पानं बांधून दिलेला तो पोरगा दुसऱ्याच्या नावानं आलेला आपला संवाद अंधारात ऐकतो आणि गप्प बसतो, कारण पुढचं काम त्याच ऑफिसातून यायचं असतं. पण त्याचा मार्ग इथे सांगत नाही. त्यात लिहिणं आलं.

परवा सकाळी काका मला राजवाड्याजवळ पोहे खायला घेऊन गेले. नवी कथा होती. आधी तोंडावर बोट ठेवलं, डावीउजवीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "वाडा तोच. पण या वेळी बहिणीही हिस्सा मागतात."

पोह्यांवर जिरावन मसाला भुरभुरवता भुरभुरवता पोहेवाला म्हणाला, "भिया, येई तो अपने घर में चल रिया हे."

काकांनी प्लेट तशीच खाली ठेवली. त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याला कुणी सांगितलं?"