लॅब-शेफर्डला पावसाळ्यात रेनकोट हवाच का? एका फॉरवर्डचा प्रतिवाद

जून उजाडला की कुत्री पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: कुत्रा कुठल्याही जातीचा असो, पावसात रेनकोटशिवाय बाहेर काढू नका. भिजला की सर्दी आणि न्यूमोनिया होतो, अंगाला बुरशी धरते, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) होतो, गोचीड चिकटतात. परदेशातले पोलिसांचे आणि शिकारीचे कुत्रेसुद्धा जॅकेट घालतात. तेव्हा केस बारीक कापा, वर रेनकोट चढवा आणि निर्धास्त राहा.

लॅब्रॅडॉर, गोल्डन, जर्मन शेफर्ड, मॅलिनॉइ, रॉटवायलर या कामकरी जातींच्या तरुण, निरोगी कुत्र्यांना महाराष्ट्रातल्या पावसात रेनकोट लागत नाही. बऱ्याचदा तो त्रासच देतो. ज्यांना खरोखर लागतो अशीही कुत्री आहेत, त्यांच्याबद्दल शेवटी सांगू. आधी मजकुरातला एकेक दावा घेऊ.

"भिजला की सर्दी आणि न्यूमोनिया"

लॅब किंवा शेफर्डच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे केस राठ आणि तेलकट, आतली लव मऊ आणि दाट. वरचे केस पाणी उतरवतात आणि लव कातडीजवळची ऊब धरून ठेवते. नीट शाकारलेल्या छपरासारखी ही रचना आहे. लॅब्रॅडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर बर्फगार पाण्यात जाळी आणि मासे ओढायचे. पुढे ब्रिटनमध्ये पाण्यात पडलेली पाखरं उचलून आणण्यासाठी ही जात घडवली गेली. आपल्याकडच्या भुरभुरीने या अंगाचं काही बिघडत नाही.

खात्री स्वतः करता येते. मध्यम पावसात दहा मिनिटं फिरवून आणा आणि खांद्यामागचे केस दोन बोटांनी फाकवून कातडीला बोट लावा. केस निरोगी असतील तर वरून निथळणारा कुत्रा आत कोरडा लागतो. कातडी ओली लागली तर कारण बहुतेक दोनांपैकी एक असतं. मेलेली लव न काढल्याने तिच्या गुठळ्या होऊन त्या पाणी शोषून घेतात, किंवा दर आठवड्याच्या शाम्पूने केसांवरचं तेल निघून गेलेलं असतं.

पावसाळ्यात कुत्री खोकतात ती बहुतेक केनेल कफने. हा खोकला बोर्डेटेला हा जिवाणू आणि पॅराइन्फ्लुएन्झासारखे विषाणू यांच्यामुळे होतो आणि तो दुसऱ्या कुत्र्याकडून येतो. कुत्री ठेवून घेणाऱ्या बोर्डिंगमध्ये कोंडलेली हवा आणि सामायिक पाण्याची भांडी असली की तो झपाट्याने पसरतो. त्यावर लस आहे. रेनकोटचा इथे काही संबंध नाही.

थंडीने अंगाचं तापमान उतरतं हे खरं, पण त्यासाठी गारठा, वारा, भिजलेलं अंग आणि हालचाल थांबणं हे सगळं जुळून यावं लागतं. निरोगी कुत्र्याचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. जुलैत मुंबईत पारा २५ ते ३० अंशांत, पुण्यात २२ ते २८ अंशांत राहतो. चालत्या लॅबचं अंग या हवेत थंड पडत नाही. महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या वाऱ्यात भिजलेलं कुत्रं तासभर एका जागी बांधून ठेवलं, किंवा भिजल्या अंगाने गाडीत एसीच्या झोतासमोर बसवलं, तर मात्र ते कुडकुडायला लागेल. तिथे उपाय म्हणजे त्याला चालतं ठेवणं, आणि गाडीत चढवण्याआधी पुसणं.

रेनकोटने काय बिघडतं

मजकुरात ही बाजू येतच नाही, आणि आमच्या मते सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून आणि काही प्रमाणात कातडीवाटे बाहेर टाकतो. जिभेवरचं पाणी वाफ होऊन गेलं की अंग निवतं. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की ही वाफ होणं मंदावतं. म्हणजे धापांचा उपयोग आधीच कमी झालेला असतो. त्यात पीव्हीसीचा किंवा अस्तर लावलेल्या नायलॉनचा कोट पाठीवर, छातीवर आणि पोटाखाली आवळून बांधला की उरलेली वाटही बुजते. ३० किलोच्या लॅबला २७ अंशांच्या दमट हवेत असा कोट घालून पळवणं म्हणजे त्याला उकडायला ठेवणं आहे. वजन जास्त असेल तर धोका आणखी वाढतो.

रेनकोट घातलाच असेल तर दहा मिनिटांनी खांद्याजवळ आत हात घालून बघा. आत दमट आणि गरम लागलं तर तो तिथेच काढा. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबणं, लाळ घट्ट चिकट होणं, हिरड्या गडद लाल होणं, पाय लटपटणं, उलटी होणं ही उष्माघाताची लक्षणं आहेत. कोट आणि पट्टा काढा, नळाचं साधं पाणी अंगावर सतत ओता, पंखा किंवा वारा लागू द्या. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तोही उष्णता कोंडतो. थर्मामीटर असेल तर गुदद्वारातलं तापमान ३९.५ अंशांपर्यंत उतरल्यावर पाणी थांबवा, आणि शुद्धीवर असला तरी पशुवैद्याकडे न्या. तापमान ४१ अंशांवर गेलं असेल तर पाणी ओतत ओतत लगेच निघा.

कोटामुळे आणखी एक गोष्ट अडते, अंग झाडणं. लॅबच्या आकाराचा कुत्रा सेकंदाला चार-पाच वेळा अंग घुसळतो आणि काही क्षणांत केसांतलं बरंचसं पाणी उडवून टाकतो. ते काम कुठल्याही टॉवेलपेक्षा जलद होतं. कोटात त्याला ते धड करता येत नाही, आणि मानेकडून किंवा पोटाकडून आत शिरलेलं पाणी आतच राहतं.

"रेनकोट नसेल तर बुरशी धरते"

बुरशी, यीस्ट आणि ओले चट्टे यांना लागतो तो कातडीवर तासन्‌तास टिकलेला दमटपणा. पंधरा मिनिटं पाऊस अंगावर पडून गेल्याने हे होत नाही. भिजून आलेला कुत्रा तसाच फरशीवर झोपला, किंवा कोटाखाली दमट राहिला, की होतं. आवळलेल्या कोटाची शिवण काखेत आणि छातीवर घासते, तिथली कातडी सोलवटते आणि जंतूंना वाट मिळते. शिवाय त्रास सुरू होतो त्या जागा कोट झाकतच नाही: बोटांच्या बेचक्या, कान, शेपटीचं मूळ, जांघा आणि पट्ट्याखालची मान.

म्हणून वेळ द्यायचा तो फिरून आल्यावर पुसण्याला. दहा-पंधरा मिनिटं लागतात. दारातच त्याला अंग झाडू द्या. पट्टा काढा. ओला चामडी पट्टा गळ्यात राहिला तर मानेला हमखास चट्टा उठतो, म्हणून पावसाळ्यात नायलॉनचे दोन पट्टे आलटून पालटून वापरा. पंजे आणि पोट साध्या पाण्याने धुवा. मग पाठीवरून आणि पायांवरून हात दाबत केस निथळवा. पहिला जाड सुती टॉवेल अंगावर दाबून पाणी टिपा. खसाखसा घासू नका, त्याने लव गुंतते आणि आतच ओली राहते. दुसरा कोरडा टॉवेल काखा, जांघा, पोट आणि शेपटीखाली. नंतर प्रत्येक पंजाची बोटं फाकवून बेचक्या सुती फडक्याने पुसा. लॅबच्या बोटांमध्ये पडदा असतो, तिथे चिखलाचे बारीक कण अडकून राहतात. कानाची पाळी उलटवून दिसतो तेवढाच भाग कापसाने टिपा. आत काडी किंवा इअरबड घालू नका.

शेफर्ड आणि गोल्डनच्या मागच्या मांड्यांवरचे लांब केस टॉवेलने पुरते सुकत नाहीत. तिथे ड्रायर थंड किंवा सर्वांत कमी उष्णतेवर, वीतभर अंतरावरून, हात सतत हलता ठेवून फिरवा. केस फाकवून कातडीवर टिश्यू पेपर दाबा. तो ओलसर झाला तर काम अजून बाकी आहे. झोपायला जमिनीपासून उचललेली खाट किंवा जाळीचा पलंग द्या, वर पंखा ठेवा.

एवढं करूनही केसांखाली लाल, ओलसर, केस गळालेला चट्टा दिसला तर तो काही तासांत तळहाताएवढा होऊ शकतो. त्यावर हळद-तेल किंवा पावडर थापू नका, पपडीखाली पू धरतो. त्याला चाटू देऊ नका आणि त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा.

"केस बारीक कापा"

हा सल्ला सगळ्यात वाईट आहे. दुहेरी केसांचा कुत्रा मशीनने भादरला की पाणी उतरवणारे वरचेच केस जातात. उरते ती पाणी शोषणारी लव. भादरलेले केस पुन्हा येताना कधी कधी ठिकठिकाणी विरळ येतात, कधी पोत बदलतो. करायचं ते याच्या उलट. मेमध्ये अंडरकोट रेकने (आतली लव काढायच्या लांब दात्यांच्या कंगव्याने) मेलेली लव काढून टाका, आणि केस गळण्याच्या काळात आठवड्यातून दोन-तीनदा विंचरा. आंघोळ कुत्र्याच्या शाम्पूने चार ते सहा आठवड्यांतून एकदा पुरते. मधल्या चिखलाला साधं पाणी. फक्त तळव्यांच्या गाद्यांमधले केस गादीच्या पातळीला कापले तर चालतात, त्याने चिखलही कमी अडकतो.

"रेनकोटने लेप्टो आणि गोचीड टळतात"

लेप्टोस्पायरा हा जिवाणू उंदीर-घुशींच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो आणि तोंड, डोळे, नाक किंवा खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. कुत्रा डबक्यात पाय घालतो, नाक खुपसतो, पाणी पितो, यातलं काहीही पाठीवरच्या कापडाने अडत नाही. अडतं ते लसीने. पहिल्यांदा दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दर वर्षी एक. दोन्ही डोस पाऊस सुरू होण्याआधी पूर्ण झालेले हवेत, आणि लसीच्या पुस्तिकेतल्या स्टिकरवर लेप्टोचा उल्लेख आहे का ते बघून घ्या. लस सगळ्या प्रकारांना पुरत नाही, म्हणून तुंबलेल्या पाण्यातून नेणं टाळायचंच. ताप, उलट्या, अंगदुखी, पिवळ्या हिरड्या किंवा लघवीत फरक दिसला तर थांबू नका. हा आजार माणसालाही होतो, तेव्हा त्याची लघवी हातमोजे घालून साफ करा.

गोचीड चिकटतात कानात, बोटांत, काखेत, पट्ट्याखाली आणि शेपटीखाली. आपल्याकडची तपकिरी गोचीड भिंतीच्या फटीत, अंथरुणात आणि दमट कोटाच्या अस्तरातही लपते. चिकटल्यावर काही तासांतच ती एर्लिकिया या जिवाणूचा संसर्ग देऊ शकते. म्हणून महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी पशुवैद्याला विचारून, वजनाप्रमाणे द्या. कुत्र्याला फिट येत असेल तर ते आधी सांगा. गोचीड काढताना बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ, एकसारखं ओढा. रॉकेल, जळती काडी, तेल यातलं काही लावू नका.

"परदेशातले कामाचे कुत्रे जॅकेट घालतात"

फोटोत दिसतात ती जॅकेट वेगवेगळ्या कामांची असतात. पोलिसांच्या कुत्र्यावर हार्नेस किंवा गोळीपासून वाचवणारं कवच असतं, बोटीवरच्या कुत्र्यावर तरंगण्याचं जॅकेट. बदकांच्या शिकारीतला लॅब निओप्रीनचं (ऊब धरणाऱ्या रबरी कापडाचं) जॅकेट घालतो, कारण त्याला बर्फगार पाण्यात पोहायचं आणि मधे मधे निश्चल बसून राहायचं असतं. यातला एकही रेनकोट नाही. ब्रिटनमध्ये शिकारी कुत्रे राखणारे लोक कोट वापरतात तो काम संपल्यावर. टॉवेलच्या कापडाचा पाणी शोषणारा कोट गाडीत बसताना चढवतात आणि अंग सुकलं की काढतात.

थंड प्रदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी मात्र एक लक्षात ठेवावं: गार पाण्यात पोहल्यावर किंवा अति दमल्यावर लॅबची शेपटी अचानक लुळी पडून दुखू शकते. विश्रांती आणि पशुवैद्याने दिलेल्या वेदनाशामकाने ती बहुधा काही दिवसांत पूर्ववत होते. माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. रेनकोट शेपटी झाकत नाही. पाण्यातला वेळ कमी करणं आणि लगेच पुसणं हाच बचाव आहे.

मग कोणाला खरंच लागतो?

सगळ्या कामकरी जाती एका मापाच्या नाहीत. डॉबरमनला आतली लव जवळपास नसते. कारवानी आणि मुधोळ ही मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकाच्या कोरड्या मुलखातली धावणारी कुत्री. अंगावर चरबी नाही, केस आखूड आणि विरळ. यांना घाटमाथ्यावरच्या गार, वाऱ्याच्या पावसात हलका कोट जरूर घाला. लहान पिल्लं, म्हातारी कुत्री, सांधेदुखीची, आजारातून किंवा शस्त्रक्रियेतून उठलेली, यांना जात कुठलीही असो, कोट उपयोगी पडतो. टाक्यांवर पाणी जाऊ नये यासाठी कोट घालण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारा.

कोट घेताना मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी आणि छातीचा सर्वांत रुंद घेर मोजा. सगळीकडून दोन बोटं आत जायला हवीत. पाठीवर पसरणारा, पोटाखाली एकाच पट्टीने लागणारा, हवा खेळती ठेवणारा निवडा. चारही पायांना बाह्या आणि इलॅस्टिक असलेला नको. नराच्या कोटाची पोटाखालची पट्टी फार मागे असेल तर ती लघवीने भिजते, म्हणून ती बरगड्यांवर येते ना ते बघा. संध्याकाळच्या अंधुक पावसात गाडीवाल्याला कुत्रा दिसावा एवढाच हेतू असेल, तर चमकणाऱ्या पट्ट्यांचा हार्नेस किंवा पट्ट्याला लावायचा दिवा पुरतो. आणि कोट घालून फिरवलेलं कुत्रं घरी आल्यावर कोट काढून, वर सांगितलं तसंच, काखांपासून बेचक्यांपर्यंत पुसावं लागतं.