कादंबरी वाचायची तर तिच्या मूळ अंकात वाचा

इंग्रजी घेऊन एम.ए. करणाऱ्या माझ्या भाचीने परवा विचारले, "मामा, डिकन्सच्या 'हार्ड टाइम्स' कादंबरीसाठी कोणती साइट बघू?" प्रकरणवार सारांश देणारी तीन-चार पाने तिच्या मोबाइलवर आधीच उघडी होती. ती बंद करायला लावून मी तिला, ही कादंबरी ज्यात हप्त्याने छापून आली त्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकाचा २२ एप्रिल १८५४ चा अंक उघडून दिला.

डिकन्सने संपादित केलेली दोन्ही साप्ताहिके बकिंगहॅम विद्यापीठाच्या 'डिकन्स जर्नल्स ऑनलाइन' या प्रकल्पात मोफत वाचता येतात. मूळ पानाचे छायाचित्र आणि स्वयंसेवकांनी शब्दन् शब्द तपासून दुरुस्त केलेली संहिता अशी दोन्ही रूपे तिथे आहेत. दोन पेनी किमतीचा, चोवीस पानांचा, चित्रे नसलेला तो अंक पाहिला की कादंबरी आठवड्याला हप्त्याने वाचणे म्हणजे काय, हे ध्यानात येते. (हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून अशाच क्रमशः आल्या, हे आपल्या वाचकांना निराळे सांगायला नको.)

त्या अंकात कादंबरीचा हप्ता आहे आणि काही पानांनंतर 'ग्राउंड इन द मिल' हा लेख आहे. यंत्रांना कठडे घालण्याची सक्ती १८४४ च्या कायद्याने केली असतानाही गिरणीमालक टाळाटाळ करत होते, आणि उघड्या फिरत्या दांड्यांत व पट्ट्यांत सापडून मुलांचे हात तुटत होते, जीव जात होते. त्याचा हा संतप्त वृत्तान्त आहे. लेखावर नाव नाही, कारण साप्ताहिकावर नाव झळकायचे ते एकट्या डिकन्सचे. लेखक हेन्री मॉर्ली हे आपल्याला कळते ते कचेरीतल्या मानधनाच्या नोंदवहीमुळे.

आता खरी गंमत. कादंबरीतला गिरणीकामगार स्टीफन कामगार संघटनेत का जात नाही, हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न आहे. आपण वचन दिले आहे, एवढेच तो म्हणतो; ते त्याच्या जिवलग रेचेलला दिले होते, हे पुढे कळते. पण ते वचन कशाचे, हे छापील कादंबरीत धड उलगडत नाही. रेचेलच्या धाकट्या बहिणीचा हात यंत्रात तुटल्याचा मजकूर डिकन्सने लिहिला होता, छपाईआधीच्या प्रुफात त्याला याच लेखाचा हवाला देणारी तळटीपही होती, आणि ते सगळे त्याने छपाईपूर्वी काढून टाकले. गाळलेला तो धागा शेजारच्या लेखात अजून सापडतो. सारांशाच्या साइटवर तो कुठून सापडणार?

'प्रोजेक्ट गटेनबर्ग' या मोफत पुस्तकांच्या संकेतस्थळावरची संहिता शब्द शोधायला उत्तम, पण हप्ता कुठे संपला हे तिच्यावरून सहसा कळत नाही. जॉर्ज लँडो यांचे 'व्हिक्टोरियन वेब' हे संकेतस्थळ मी जरूर सुचवतो. १९८७ पासून ब्राउन विद्यापीठात उभे राहिलेले ते काम मोठेच आहे. मात्र ते भाष्य आहे, म्हणून मूळ पाने वाचून झाल्यावर तिकडे वळावे.

समाजसंशोधक चार्ल्स बूथचे लंडनच्या दारिद्र्याचे रंगीत नकाशे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने संकेतस्थळावर मांडले आहेत. श्रीमंतांच्या गल्ल्या पिवळ्या, सर्वांत खालच्या थराच्या काळ्या, असे ते देखणे काम आहे आणि हल्ली अनेक सादरीकरणांत ते डिकन्सचे लंडन म्हणून वापरलेले दिसते. डिकन्स वारला १८७० मध्ये आणि पहिले नकाशे छापले गेले १८८९ मध्ये. त्याच साली जॉर्ज गिसिंगची, क्लार्कनवेलमधल्या गरिबांवरची 'द नेदर वर्ल्ड' ही कादंबरी आली. नकाशा उघडायचाच असेल तर तिच्या शेजारी उघडावा.