ताणमुक्त मेजवानीचा खात्रीचा मार्ग

घरी पाहुण्यांना जेवायला बोलवायचे आणि तरीही कपाळावर आठी दिसू द्यायची नाही, हे ज्यांना साधायचे असेल त्यांनी निमंत्रण देतानाच ‘अगदी साधे जेवण आहे, विशेष काही नाही’ असे आवर्जून सांगावे. एकदा हे वाक्य उच्चारले की पदार्थांची संख्या दुप्पट करणे ओघानेच येते. कारण साधे म्हणून बोलावून खरोखर साधेच वाढणाऱ्या यजमानाकडे कोणी दुसऱ्यांदा गेल्याचे ऐकिवात नाही. किती जण येणार, हे नेमके विचारू नये. त्याने आपुलकीला हिशेबाचा वास येतो. कोणाला काय चालत नाही, हे तर मुळीच विचारू नये. शेंगदाण्याच्या अंशानेही एखाद्याचा घसा सुजून श्वास कोंडू शकतो, हे खरे आहे; पण तशी अडचण असलेल्या पाहुण्याने पहिला घास उचलताना ती सांगितली, तर पातेल्यात काय काय पडले आहे हे सर्वांदेखत आठवत बसण्याची एक वेगळीच करमणूक होते.

मुख्य पदार्थ यापूर्वी कधीही न केलेलाच निवडावा. कृती चौघांसाठी असेल आणि पाहुणे बारा असतील, तर प्रत्येक आकड्याला तीनने गुणावे, आणि त्यात शिजण्याची मिनिटेही सोडू नयेत. मोठ्या पातेल्याला उकळी यायला उशीर लागतो, मात्र उकळी आल्यावर शिजण्याचा वेळ काही तिप्पट होत नाही. तसेच वाफ होऊन किती पाणी उडेल हे पातेल्याच्या तोंडाच्या रुंदीवर ठरते, पाहुण्यांच्या संख्येवर नव्हे, असे जाणकार सांगतील. त्यांचे ऐकत बसल्यास स्वयंपाक व्हायचा कधी? वर पाणीच पाणी आणि तळाशी करपलेला थर अशी अवस्था झालीच, तर वरचे वाढावे आणि तो धुरकट वास मुद्दाम आणला आहे असे सांगावे. पाहुणे सभ्य असतात. ते मान डोलावतात.

ऐनवेळची धावपळ टाळण्यासाठी निम्मा स्वयंपाक दुपारीच उरकून ओट्यावर झाकून ठेवावा. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहू देऊ नये, गार ठेवायचे तर 5 अंश सेल्सिअसच्या आत आणि गरम ठेवायचे तर 60 अंशांच्या वर ठेवावे, कारण मधल्या पट्ट्यात जिवाणू भराभर वाढतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण उशिरा येणाऱ्या पाहुण्यांची वाट संघटनेला पाहावी लागत नाही. भाताच्या बाबतीत तर निसर्गच आपल्या बाजूने आहे: त्यातील एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि भात तासन्‌तास कोमट राहिल्यास जे विष तयार होऊ शकते ते पुन्हा गरम करूनही जात नाही, त्यामुळे गरम करण्याचा त्रासही वाचतो.

आवराआवर शेवटच्या तासातच करावी आणि ती एकाच खोलीत करावी. इस्त्रीचे कपडे, चार्जर, औषधांच्या पट्ट्या आणि जोडी हरवलेला मोजा हे सारे आतल्या खोलीत लोटून दार ओढून घ्यावे. हात धुवायला निघालेला पाहुणा नेमके तेच दार उघडतो, त्याला इलाज नाही.

पाहुणे जमले की खिडक्या बंद करून संगीत लावावे. नुसता बसलेला माणूसही सुमारे 100 वॉट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे बारा जणांत एका शेगडीची सोय आपोआप होते. गोंगाटात माणसे नकळत आवाज चढवतात, हे एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याने 1911 मध्येच दाखवून दिले; तेव्हा संगीत वाढवावे, मग गप्पा वाढतात, मग पुन्हा संगीत वाढवावे.

आता खरी गोष्ट. ताणमुक्त यजमान होण्यासाठी घरात दुसरी व्यक्ती असणे अत्यावश्यक आहे. आपण बाहेर बसून, पाय पसरून, ‘आमच्याकडे सगळे आरामात चालते’ असे म्हणावे. दर पाच मिनिटांनी आत जाऊन ‘मोठा डाव कुठे आहे?’ असे दात न उघडता विचारावे, ‘तुझ्याच हातात आहे’ हे उत्तर ऐकावे आणि उंबरठा ओलांडण्यापूर्वी हसू पुन्हा चेहऱ्यावर आणावे. आत ज्याचा घाम निघतो त्याचे नाव जेवणाच्या कौतुकात येणार नाही, एवढी दक्षता घ्यावी. ‘किती सहज करता हो तुम्ही सगळे!’ असे कोणी म्हणाल्यावर ‘छे, त्यात काय!’ हे उत्तर आपणच द्यायचे असते.

‘काही मदत करू का?’ या प्रश्नाला ‘नको, बसा’ असेच म्हणावे आणि नंतर भांडी जरा जोरात आपटावीत. बहुतेक पाहुणे त्या आवाजातही निवांत बसून राहतात. एखादा मात्र जेवणानंतर खरोखर बाह्या सरसावून मोरीपाशी येतो. त्याला तीनदा ठामपणे नको म्हणावे, आणि चौथ्यांदा म्हणताना घासणी व साबण त्याला स्पष्ट दिसतील इतके बाजूला सरकून उभे राहावे.